शंका आणि समाधान : नहपानाच्या नाण्यांवरचा दुसरा छाप

प्रश्न : गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाला हरवून सातवाहनांचे गेलेले राज्य परत मिळवले, असे आपण वाचतो. पण ही कीर्ती त्याच्या आईनेच कोरवून घेतली असेल, तर ती खरी कशी मानायची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, आपल्या मुलाला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश करणारा आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित करणारा म्हटले आहे. तेवढाच पुरावा असता, तर आईची माया म्हणून तो बाजूला ठेवता आला असता.

गेले होते ते काय, हे आधी पाहावे. जुन्नरहून कोकणातील बंदरांकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीच्या लेखातून अश्वमेधांची आणि हजारो गाईंच्या दक्षिणेची जी यादी दिसते, ते वैभव पुष्कळसे याच व्यापारी वाटांवर उभे होते. पुढे त्याच जुन्नरला नहपानाच्या अमात्याचा लेख सापडतो, यावरून वाटा कोणाच्या हाती गेल्या ते कळते.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या सुमारे १३,००० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे, आणि कित्येकांवर त्या छापाखालून क्षत्रपाचा चेहरा अजून डोकावतो. आईच्या शब्दाला याहून तटस्थ साक्षीदार कोठून आणावा?

मला मात्र त्याच लेण्यातील दोन कोरडे सरकारी हुकूम अधिक बोलके वाटतात. १८व्या राज्यवर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, गौतमीपुत्र नाशिकजवळच्या गोवर्धन येथील अमात्याला कळवतो की, नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना द्यावे. या शेताला लावलेल्या 'अजकालकियं' या शब्दाचा अर्थ 'आजवरचे' असा केला जातो. म्हणजे जमिनीचा आधीचा धनी जाऊन फार दिवस लोटले नसावेत. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघतो, त्यात राजमातेचाही उल्लेख आहे : दिलेले शेत कोणी कसत नाही, गावही ओस पडले आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरील सरकारी जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत.