ऑब्लिव्हियन आवडला, पण मॉरोविंडमध्ये वारच लागत नाही. दोन्ही गेममध्ये नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात मावसभावाकडे ऑब्लिव्हियन पूर्ण खेळलात, आवडला म्हणून स्वतःच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मॉरोविंड टाकला, आणि सुरुवातीच्या गावाबाहेरच्या खेकड्यावर वारामागून वार केले तरी एक लागेना. गेम बिघडलाय का, असं विचारलंत. बिघडलेला नाही. दोन्ही ‘द एल्डर स्क्रोल्स’ या एकाच मालिकेतले गेम आहेत. ऑब्लिव्हियन (२००६) खेळाडूची लेव्हल बघून स्वतःला जुळवून घेतो. मॉरोविंडचं (२००२) जग बरंचसं आहे तसंच राहतं, जुळवून तुम्हाला घ्यावं लागतं. बाकीचे बहुतेक फरक याच एका गोष्टीतून निघतात.

आधी तो खेकडा. ऑब्लिव्हियनमध्ये तलवार शत्रूला टेकली की वार लागलाच. तुमचं स्किल फक्त किती इजा होणार ते ठरवतं. मॉरोविंडमध्ये तलवार डोळ्यांदेखत अंगातून आरपार जाते, पण वार लागला की नाही हे आतल्या आत फासा टाकून ठरतं. हिशोब असा: त्या शस्त्राचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळाई) पाचवा भाग, अधिक लकचा (नशीब) दहावा भाग. या बेरजेला फटिगच्या (दमसास) आकड्यानं गुणायचं. फटिगची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ नं, पूर्ण रिकामी असेल तर ०.७५ नं. आलेल्या उत्तरातून शत्रूची चुकवण्याची क्षमता वजा होते. उरतील तेवढे टक्के तुमच्या वाराला.

उदाहरण घेऊ. रेडगार्ड वंशाचा योद्धा, स्पेशलायझेशन (मुख्य कल) कॉम्बॅट म्हणजे लढाई, मेजर (मुख्य निवडलेल्या) स्किलमध्ये लाँग ब्लेड म्हणजे लांब तलवार. मेजरचे ३०, वंशाचे १५, स्पेशलायझेशनचे ५, म्हणजे लाँग ब्लेड ५०. अ‍ॅजिलिटी ४० आणि लक ४० धरली तर ५० + ८ + ४ = ६२, आणि पट्टी भरलेली असताना साडेसत्त्याहत्तर टक्के. आता याच गड्यानं सीडा नीन या सुरुवातीच्या गावातल्या कचेरीत टेबलावर पडलेला लोखंडी खंजीर उचलला, जो जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू उचलतो. खंजीर शॉर्ट ब्लेडमध्ये मोडतो. ते स्किल निवडलेलंच नाही, म्हणून मूळ ५ आणि वंशाचे ५ मिळून फक्त १०. १० + ८ + ४ = २२, पट्टी भरलेली असली तरी साडेसत्तावीस टक्के. वर गावातून पळत पळत खेकड्यापर्यंत गेलात म्हणजे पट्टी रिकामी, आणि उरले साडेसोळा. त्यातून खेकड्याचा वाटा वजा. तुमच्या बाबतीत हेच झालंय, याबद्दल मला शंका नाही.

मूळ ऑब्लिव्हियनमध्ये नुसत्या पळण्यानं फटिग संपत नाही, म्हणून ही सवय लागते. मॉरोविंडमध्ये पळालं की संपतो, आणि त्याचा परिणाम वारावरच नाही तर मंत्र यशस्वी होण्यावर, दुकानदाराशी घासाघीस करण्यावर, बोलून मन वळवण्यावर, सगळ्यावर होतो. शत्रू दिसला की चालायला लागा, किंवा क्षणभर थांबून पट्टी भरू द्या. सुरुवातीच्या पैशांत निवडलेल्या स्किलचंच शस्त्र घ्या. एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी गेम निम्मा सोपा होतो.

मंत्रांचंही तसंच. ऑब्लिव्हियनमध्ये मंत्राला लागणारी स्किलची पायरी गाठली असेल आणि मॅजिका (जादूची शक्ती) असेल तर मंत्र फसत नाही, आणि खर्च झालेला मॅजिका आपोआप भरत राहतो. मॉरोविंडमध्ये मंत्र फसू शकतो, फसला तरी मॅजिका जातो, आणि तो परत मिळवायला झोपावं तरी लागतं किंवा औषध तरी प्यावं लागतं. उलट जादूच्या वस्तूंच्या बाबतीत मॉरोविंड उदार आहे: अंगठीचा किंवा तलवारीचा चार्ज वेळ जाईल तसा स्वतःहून भरतो. ऑब्लिव्हियनमध्ये त्यासाठी सोल जेम (आत्मा साठवलेला खडा) किंवा पैसे मोजावे लागतात.

कॅरेक्टर घडवताना मॉरोविंडमध्ये २७ स्किल आहेत: ५ मेजर, ५ मायनर, उरलेली १७ किरकोळ. ऑब्लिव्हियनमध्ये ही संख्या २१ वर आणली आणि ७ मेजर ठेवली. भाला गेला, मीडियम आर्मर गेलं, चिलखताशिवाय लढण्याचं स्किल गेलं, वस्तूंवर जादू चढवायचं एन्चांट गेलं. कुऱ्हाड चक्क ब्लंटमध्ये, म्हणजे बोथट शस्त्रांच्या स्किलमध्ये, घातली. लाँग ब्लेड आणि शॉर्ट ब्लेड एकत्र झाले. लेव्हल वाढवण्याची पद्धत मात्र सारखीच आहे: निवडलेल्या स्किलमध्ये एकूण १० वाढी झाल्या की झोपायचं, आणि ज्या अ‍ॅट्रिब्यूटच्या (ताकद, चपळाई असे मूळ गुण) स्किलचा जास्त वापर झाला त्याला २ ते ५ गुण मिळतात.

पद्धत सारखी, पण परिणाम उलटा. मॉरोविंडमध्ये गुण कमी मिळाले तरी फारसं बिघडत नाही, कारण शत्रू तुमच्या बरोबरीनं सगळीकडे वाढत नाहीत. ऑब्लिव्हियनमध्ये ते वाढतात. अ‍ॅथलेटिक्स आणि अ‍ॅक्रोबॅटिक्स मेजरमध्ये घेऊन नुसतं पळत-उड्या मारत फिरलात तर लेव्हल चढत जाते, हातातली ताकद तिथंच राहते, आणि समोरचा मात्र प्रत्येक लेव्हलला तगडा होतो. मोठ्या लेव्हलला साधे वाटमारे महागडं ग्लास चिलखत घालून तुमच्याकडे शंभरेक नाणी मागतात, आणि तिथं माझं त्या जगातून मन उडतं. क्वॅच शहराची मोहीम लेव्हल कमी असतानाच उरका असं जाणकार सांगतात तेही याचसाठी. लवकर गेलात तर समोर बहुतेक स्कॅम्प नावाचे छोटे राक्षस असतात, उशिरा गेलात तर डेड्रॉथसारखे राक्षस.

बक्षिसांचंही असंच. ऑब्लिव्हियनमध्ये चोरोल शहराजवळच्या ओडिल यांच्या शेताचं क्वेस्ट (कामगिरी) पहिल्या काही तासांतच मिळतं. ओडिल यांची मुलं वाचली तर चिलरेंड नावाची तलवार मिळते, पण तिची ताकद त्या क्षणी तुमची जी लेव्हल असेल त्यावर कायमची ठरते. घाईनं क्वेस्ट केलं तर एवढी नामी तलवार काही तासांत निकामी वाटायला लागते. ती २५ व्या लेव्हलपर्यंत राखून ठेवा.

मॉरोविंडमध्येही काही शत्रू आणि काही माल लेव्हलप्रमाणे बदलतो, पण हातानं ठेवलेल्या वस्तू जागच्या हलत नाहीत. बालमोरा शहरात पहारेकऱ्यांच्या मनोऱ्यात ‘स्वोर्ड ऑफ व्हाइट वो’ ही तलवार पहिल्या लेव्हललाही तशीच पडलेली असते. चोरता आली तर तुमची. कॅल्डेरा गावातल्या एका वाड्यात क्रीपर नावाचा स्कॅम्प दुकानदार आहे, त्याच्याकडे रोज ५००० नाणी असतात आणि तो मालाची पूर्ण किंमत देतो. हे माहीत असणाऱ्याला फायदा, नसणाऱ्याला नाही. तुम्ही पहिल्या दिवशी चुकून एखाद्या डेड्रिक (राक्षसांच्या) मंदिरात शिरलात तर मरणार, आणि त्याबद्दल गेमला काही वाटत नाही. मला हेच आवडतं. महिनाभरानं त्याच मंदिरात जाऊन तिथला राक्षस लोळवला की आपण खरंच वाढलो हे कळतं.

आता वाट. ऑब्लिव्हियनमध्ये कंपासवर बाण असतो आणि नकाशावर टिचकी मारली की पोहोचलात. मॉरोविंडमध्ये बाण नाही. आपल्याकडे ‘विजापूर रोडला लागा, कंबर तलाव मागं टाका, मग कुणालाही विचारा’ असं सांगतात ना, तशा तोंडी खुणांवर सगळं चालतं. मुख्य कथेतलं पहिलं मोठं काम बघा. बालमोऱ्याच्या फायटर्स गिल्डमधला (योद्ध्यांची संघटना) हॅस्फॅट तुम्हाला आर्कंगथांड नावाच्या ड्वेमर (लोप पावलेला वंश) अवशेषातून एक पेटी आणायला सांगतो. फोर्ट मूनमॉथपर्यंत जायचं, मग फोयाडा म्हणजे लाव्ह्यानं कोरलेली घळ, तिच्यावरचा जुना ड्वेमर पूल ओलांडायचा. तिथं दार दिसतं, पण ते उघडत नाही. बरेच जण इथूनच परत फिरतात. दाराजवळच्या जाड पाइपवर एक फिरकी आहे, ती फिरवली की दार सरकतं आणि थोड्या वेळानं परत बंद होतं, म्हणून लगेच आत शिरा. पेटी म्हणजे मुठीएवढा चौकोनी ठोकळा आहे, फडताळावर इतर भंगारात मिसळून जातो. प्रत्येक फळीवर क्रॉसहेअर नेऊन नाव वाचत जा. जर्नलमध्ये हॅस्फॅटनं सांगितलेली वाट नोंदलेली असते, विसरलात तर तिथंच बघा.

लांबच्या प्रवासासाठी सिल्ट स्ट्रायडर नावाचे अजस्र किडे आहेत, बोटी आहेत, आणि मेजेस गिल्डचे (जादूगारांची संघटना) मार्गदर्शक बालमोरा, आल्डरून, कॅल्डेरा, विवेक आणि सॅड्रिथ मोरा यांच्यात क्षणात पोहोचवतात. सीडा नीनहून स्ट्रायडर बालमोरा, विवेक, सुरान आणि ग्निसिसला जातो. शिवाय मार्क मंत्रानं एक जागा ठरवायची आणि रिकॉलनं तिथं परतायचं. हाताशी अल्मसिव्ही इंटरव्हेन्शन मंत्राचा एक कागद ठेवा, तो जवळच्या मंदिरापाशी नेतो. डिव्हाइन इंटरव्हेन्शन जवळच्या इम्पीरियल देवस्थानापाशी. हे जाळं डोक्यात बसलं की नकाशावरची टिचकी आठवत नाही. मार्क, रिकॉल, हवेत तरंगण्याचा लेव्हिटेशन, उंच उडीचा जंप हे सगळे मंत्र ऑब्लिव्हियनमध्ये काढून टाकले. तिथं शहरं भिंतीआड वेगळी लोड होतात; भिंतीवरून उडून आत जायची सोय ठेवली असती तर आत रिकामी जागा दिसली असती.

चालण्याचा वेग सुरुवातीला फारच कमी वाटेल. कॅल्डेराजवळ पेमेनी नावाची बाई भेटते, तिला ग्नार मोक गावाला सोडलं की ‘बूट्स ऑफ ब्लाइंडिंग स्पीड’ मिळतात. वेग २०० नं वाढतो, पण स्क्रीन पूर्ण काळी होते. ब्रेटन वंशाला ५० टक्के मॅजिका प्रतिकार असल्यानं निम्मं तरी दिसतं. बाकीच्यांनी १०० टक्के रेझिस्ट मॅजिका, एक सेकंदाचा मंत्र बनवून घ्यावा आणि तो टाकल्या टाकल्या बूट घालावेत. प्रतिकार घालण्याच्या क्षणालाच बघितला जातो. सीडा नीनच्या बाहेर आकाशातून एक जादूगार खाली कोसळतो, त्याच्याजवळच्या मंत्रांच्या तीन गुंडाळ्या उडी १००० नं वाढवतात, पण सातच सेकंद. जमिनीवर आपटायच्या आत दुसरी वाचली नाही तर तुमचीही तीच गत.

संघटनांच्या बाबतीत ऑब्लिव्हियन सगळं देऊन टाकतो: एकच माणूस आर्चमेज (जादूगारांचा प्रमुख), फायटर्स गिल्डचा प्रमुख आणि चोरांचा म्होरक्या होऊ शकतो. मॉरोविंडमध्ये बढतीसाठी त्या संघटनेच्या स्किलमध्ये ठराविक आकडा गाठावा लागतो, आणि ह्लालू, रेडोरान, टेलव्हानी या तीन घराण्यांपैकी एकच निवडता येतं. बालमोऱ्याच्या फायटर्स गिल्डची आयडिस तुम्हाला एक कोड बुक आणायला सांगेल. ते देण्याआधी थिव्ह्ज गिल्डमध्ये (चोरांची संघटना) नाव घाला, नाहीतर तो दरवाजा बंद. मुख्य कथेतल्या माणसाला मारलं तर मॉरोविंड फक्त सूचना देतो की भाकिताचा धागा तुटला, आणि पुढं खेळू देतो. ऑब्लिव्हियनमध्ये तो माणूस बेशुद्ध पडून परत उठतो.

एकेक क्वेस्ट म्हणून बघितलं तर मात्र ऑब्लिव्हियन सरस आहे, हे मान्य करायला हवं. बंद घरात पाच पाहुण्यांना एकेक करून संपवायचं डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या संघटनेचं काम, चेडिनहाल शहरातल्या चित्राच्या आत शिरायचं काम, अशी कल्पकता मॉरोविंडमध्ये क्वचित सापडते. माणसं तोंडानं बोलतात, रात्री झोपतात, जेवायला जातात. मॉरोविंडमधली माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी असतात आणि जवळजवळ सगळं वाचावं लागतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर मॉरोविंडसाठी ४ जीबी भरपूर झाले. २०२५ ला आलेल्या ऑब्लिव्हियन रीमास्टर्डचा विचार त्या मशीनवर करू नका, त्याला किमान १६ जीबी रॅम आणि सव्वाशे जीबी जागा लागते. विकत घेतलेला मॉरोविंड प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, नाहीतर विंडोज फाइल बदलू देत नाही. मग ओपनएमडब्ल्यू हे मोफत इंजिन घाला, त्याच्या विझार्डला डेटा फाइल्स फोल्डरमधली मॉरोविंड डॉट ईएसएम दाखवा, आणि लाँचरमधून खेळा. सावल्या आणि पाण्याचा शेडर बंद ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात लॅपटॉप आधीच तापलेला असतो, तेव्हा फ्रेमरेटची मर्यादा ३० किंवा ४० वर आणा. या गेमला तेवढी पुरते. ट्रायब्यूनल हे विस्तारित पॅक चालू असेल तर पहिल्या लेव्हलपासूनच झोपेत मारेकरी येतात. सुरुवातीला लाँचरमध्ये त्याची टिक काढू नका, सेव्हमध्ये गोंधळ होतो. मारेकरी उशिरा येतील असा छोटा मॉड (गेम बदलणारी जोडफाइल) टाका. आणि ऑब्लिव्हियन गुहेच्या दारातच आपोआप सेव्ह करतो, मूळ मॉरोविंडचं ऑटोसेव्ह फक्त झोपल्यावर होतं. दारात पाऊल टाकण्याआधी सेव्ह करायला एफ५ दाबा, आणि जुनी बॅटरी वीज गेल्यावर टिकत नसेल तर दर लढाईनंतरही.