हप्ता जवळपास सारखाच, मग मोठी गाडी का नको?

तुमचं पत्र थोडक्यात असं: घरात तुम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. रोजची धाव २२ किलोमीटर, वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवास. हॅचबॅक बघायला गेलात आणि त्याच शोरूममध्ये शेजारी उभी असलेली छोटी एसयूव्ही मनात भरली. ती ४० टक्क्यांनी महाग आहे. पण विक्रेत्यानं कागदावर मांडून दाखवलं की हॅचबॅकचा पाच वर्षांचा हप्ता दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या १० टक्के, तर एसयूव्हीचा सात वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांच्याही आत. ‘एका टक्क्यासाठी मन का मारायचं?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय सासूबाईंच्या गुडघ्यांना उंच गाडी सोयीची. यजमानांचा कल सेडानकडे, कारण डिकी मोठी.

विक्रेता खोटं बोललेला नाही. त्यानं फक्त दोन वेगवेगळ्या मुदती शेजारी शेजारी ठेवल्या.

आकडे सोपे जावेत म्हणून हॅचबॅकची किंमत १००० धरू, एसयूव्हीची १४००. दोन्हीकडे २० टक्के आधी भरायचे, व्याज तुम्हाला सांगितलेलं ९ टक्के. हॅचबॅकचं कर्ज ८००, हप्ता १६.६, साठ हप्त्यांत परतफेड ९९६. एसयूव्हीचं कर्ज ११२०, हप्ता १८, पण तो ८४ वेळा भरायचा, म्हणजे जवळपास १५१४. नुसतं व्याज बघा: एकीकडे १९६, दुसरीकडे ३९४. गाडी ४० टक्क्यांनी महाग, व्याज मात्र दुप्पट. पाच वर्षांनी हॅचबॅक तुमच्या मालकीची झालेली असेल, तेव्हा एसयूव्हीचे सुमारे ३९५ फेडायचे बाकी असतील. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असेल, त्या वयात शाळेचे खर्च कुठे जातात ते तुमच्या ऑफिसातल्या कुणालाही विचारा.

एसयूव्हीलाही पाचच वर्षांची मुदत लावून बघा. हप्ता २३च्या वर जातो, म्हणजे पगाराच्या १४ टक्के. घरकर्जाला ३५ टक्के आधीच जातात. दोन्ही मिळून निम्मा पगार पहिल्याच आठवड्यात संपला, आणि इंधन, विमा, सर्व्हिसिंग अजून त्यात धरलेलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल नसेलही, पण मुदत असते, आणि इथे ती सात वर्षांची आहे.

‘एसयूव्ही विकताना पैसे परत येतात’ हा तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही. सात वर्षांत हॅचबॅकवर एकूण ११९६ जातील, एसयूव्हीवर १७९४. फरक ५९८. समजा दोन्ही गाड्या मूळ किमतीच्या ४० टक्क्यांना विकल्या गेल्या, तर एसयूव्हीचे १६० जास्त येतील. मागणी चांगली राहून तिचे ५० टक्के आले असं उदारपणे धरलं, तरी ३०० जास्त. उरलेल्या फरकाला तुम्ही काय विकत घेतलंत, हा खरा प्रश्न.

त्यासाठी गाडीच्या खाली बघावं लागतं. बहुतेक छोट्या एसयूव्ही हॅचबॅकच्याच सांगाड्यावर उभ्या असतात. रेनो क्लिओ आणि कॅप्चर, फोक्सवॅगन पोलो आणि टी-क्रॉस, टोयोटा यारिस आणि यारिस क्रॉस या अशाच जोड्या. इंजिनं बहुतेक तीच, स्टिअरिंगमागची बरीचशी बटणंही तीच. वर छत उंच, खाली चाकं मोठी, कडेनं काळं प्लास्टिक. उंच गाडी वाऱ्याला जास्त अंगावर घेते, म्हणून हायवेवर ॲव्हरेज कमी. वजन जास्त, म्हणून सिग्नल-सिग्नलच्या रहदारीतही इंधन जास्त. टायर मोठे, तेव्हा बदलायच्या वेळी बिलही मोठं. विमा गाडीच्या किमतीवर, तोही वर.

मग कंपन्या एसयूव्हीच का पुढे करतात? छोट्या गाडीतही एअरबॅग, प्रदूषण नियंत्रणाची सामग्री, सेन्सर हे सगळं लागतंच. त्याचा खर्च गाडीच्या लांबीनुसार कमी होत नाही. स्वस्त गाडीत तो पेलत नाही, थोड्या महाग गाडीत पेलतो आणि वर नफाही उरतो. १९७६ पासून चाललेली फोर्ड फिएस्टा २०२३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण तिच्याच पायावरची उंच प्यूमा चालू राहिली. म्हणून हॅचबॅक संपली असंही नाही. २०२४ मध्ये युरोपात सर्वांत जास्त खपलेली गाडी डासिया सँडेरो होती, साधी, स्वस्त हॅचबॅक.

मिरवण्याचा भाग मी हसण्यावारी नेत नाही. टाटा नॅनो २००९ साली आली आणि २०१८ पर्यंत तिचं उत्पादन थांबलं. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळखच तिला जड गेली, हे पुढे खुद्द रतन टाटांनी मान्य केलं. दारात उभी राहणारी गाडी माणसाला आवडलीच पाहिजे. पण आवडण्याचा खर्च ‘गरज’ या खात्यात टाकू नका. घरच्या हिशोबात तो वेगळा लिहा आणि मग दोघं मिळून त्याच्याकडे बघा.

सेडानचं लवकर आटोपतो. फोक्सवॅगननं १९७४ च्या गोल्फला मागे डिकी जोडून १९७९ मध्ये जेट्टा केली, छोट्या सेडानची घडण बहुधा अशीच असते. बॅगा जास्त मावतात हे खरं. पण डिकीचं तोंड लहान. मुलीची सायकल किंवा टेबल न्यायचं तर हॅचबॅकची मागची सीट पाडून वर उघडणारं मागचं दार उघडणं सोपं. आणि सेडानची सीट बसकी. सासूबाईंसाठी ती तिघींत सर्वांत वाईट.

आता गुडघे. तुमच्या पत्रात एसयूव्हीच्या बाजूनं एवढं एकच कारण मला पक्कं वाटलं, आणि नेमकं तेच एसयूव्ही न घेताही सुटतं. गाडी उंच असावी लागत नाही, सीट उंच असावी लागते. सुझुकीनं १९९३ मध्ये वॅगन आर काढली ती याच विचारानं: लांबी तोकडी, छत उंच, माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ. २००१ च्या होंडा फिटमध्ये इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली, त्यामुळे मागची जमीन खाली गेली आणि जागा मोकळी झाली. अशा उंच हॅचबॅक तुमच्या यादीतच नाहीत. त्या दिसायला डब्यासारख्या असतात, कबूल. सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा आणि प्रत्येक गाडीत तीनदा बसा-उतरायला लावा, पुढे आणि मागेही. पाय आत घेताना त्या दाराला धरतात का, उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो का, एवढंच बघा. काही एसयूव्हींमध्ये पाय इतका वर उचलावा लागतो की गुडघ्यांना उलट त्रास होतो.

माझं मत सांगतो. उंच हॅचबॅक, पाच वर्षांची मुदत. पत्रात ओझरतं लिहिलंय की हॅचबॅकचं डाउन पेमेंट बोनसमधून निघतं, पण एसयूव्हीसाठी मुदत ठेव मोडावी लागेल. ती ठेव तुमच्या चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज आहे, तिला हात लावू नका. हप्ते संपल्यावर तीच रक्कम आणखी दोन वर्षं बाजूला टाकत राहिलात, तर व्याज न धरताही ३९८ जमतात, पुढच्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. आणि सगळं ऐकूनही एसयूव्हीच हवी असेल, तर दोन-तीन वर्षं वापरलेली बघा, पाच वर्षांच्या हप्त्यात बसणारी. नव्या गाडीची मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते.

शेवटी विचारलंय, वर्षअखेरीची सूट मिळेपर्यंत थांबावं का. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर थांबा, सूट तुमची. तीन-चार वर्षांत विकायचा विचार असेल तर नको. डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत एका वर्षानं जुनी धरली जाते, आणि मिळालेली सूट विकताना परत द्यावी लागते.