लठ्ठपणाचं खापर फास्ट फूड कंपन्यांच्या माथी फोडणं बरोबर आहे का? खाणारं तोंड शेवटी आपलंच ना?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी गेली नऊ वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय. "कुणी जबडा उघडून कोंबलं नव्हतं ना?" शब्द वेगळे, अर्थ तोच. म्हणून लिहायला बसलो.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं बर्गरच्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानात काउंटरवर काम केलं. कायम रात्रीची पाळी. माझी ताई, मला आठ वर्षांनी मोठी, जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स होती. तिची दुपारची पाळी कागदावर दहाला संपायची, पण बदलीची बाई वेळेवर यायची नाही आणि नोंदी पुऱ्या करून सुटेपर्यंत बारा-साडेबारा व्हायचे. पायांत गोळे आलेले, पोटात सकाळनंतर धड काही नाही. त्या वेळी अख्ख्या रस्त्यावर एकच दिवा चालू असायचा, आमच्या दुकानाचा.

काउंटरवरच्या पोरांना चार वाक्यं पाठ करून घेतली होती. त्यातलं तिसरं: "थोडेच पैसे जास्त पडतील, मोठं करून देऊ?" "करायचं का?" असं विचारायचं नाही, "करून देऊ?" असंच म्हणायचं, कारण पहिल्याला नाही म्हणणं सोपं जातं. आणि ते म्हणायचं गिऱ्हाईकाने पाकीट हातात घेतल्यावर, त्याआधी नाही. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. रोज पाळी संपताना भिंतीवर यादी लागायची, कुणी किती 'मोठे' विकले त्याची. कंपनीची माणसं गिऱ्हाईक बनून तपासायला यायची. वाक्य गाळलेलं सापडलं की पुढच्या आठवड्यातले कामाचे तास कमी, म्हणजे पगार कमी. एवढा आटापिटा कशासाठी? मोठ्या ग्लासात जास्तीचं जातं ते पाणी, बर्फ, गॅस आणि थोडं सिरप. दुकानाचा खर्च नावापुरता वाढतो, वरचे पैसे जवळजवळ सगळे नफ्यात.

ताई आली की मी तिलाही ते वाक्य म्हणायचो. सख्ख्या बहिणीला. मॅनेजर मागे उभा असायचा. पहिल्या रात्री ती नुसती हसली, "तू म्हणशील तसं," म्हणाली, आणि मी मोठं केलं. पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आधीच ती मान हलवायची. आठवड्यातून चार-पाच रात्री, दीड वर्षं. त्याच काळात एका महिन्यात यादीत माझा पहिला नंबर आला आणि मला बॅज मिळाला. तो मी सगळ्यांत आधी तिलाच दाखवला होता. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

ताईचं वजन एकवीस किलोंनी वाढलं. बत्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. त्याच आठवड्यात आईकडे सगळे जेवायला बसलो होतो. ताईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तसे दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "जिभेचे चोचले पुरवलेस, आता भोग. मीही बाहेरचं खातो, मला काही झालं का?" ताई ताटावरून उठली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

दाजी, तेव्हा गिळलेलं आज बोलतो. तुम्हाला काही झालं नाही, तसं मलाही झालं नाही. दर पाळीला मला एक जेवण फुकट असायचं, शिवाय उरलेलं. त्या दोन वर्षांत मी ताईपेक्षा कितीतरी जास्त बर्गर खाल्ले असतील आणि माझी पँट एका बोटानेही घट्ट झाली नाही. यात माझा निग्रह कुठे आला? जुळ्या भावंडांवर झालेले अभ्यास सांगतात की माणसामाणसाच्या वजनातल्या फरकाचा ढोबळमानाने ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक असतो. सख्ख्या भावंडांतही ही वाटणी सारखी होत नाही. जे मला जन्मतः फुकट मिळालं, त्याच्या जोरावर मी ताईला शहाणपण शिकवायचं?

मग कुणी म्हणेल, सगळं जनुकांवर ढकललंत की कंपन्या सुटल्या. अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १९९० ते २०२२ या काळात जगभरात प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झाला आणि ५ ते १९ वयाच्या मुलांमधला चौपट झाला. एवढ्या वर्षांत जनुकं बदलत नाहीत, आणि पृथ्वीवरची सगळी पोरं एकाच वेळी बेशिस्त झाली यावर माझा विश्वास बसत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग मी दाजींना दोनदा पाठवलाय. वीस माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू जमेल तितके सारखे. हवं तेवढं खा म्हणाले. प्रक्रिया केलेल्या खाण्याच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन जवळपास एक किलो वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, त्यांचा मनावरचा ताबाही तोच. फक्त समोरचं ताट बदललं होतं.

दाजींचं हुकमी पान म्हणजे कोर्टाचा निकाल. २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही मुलांच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर लठ्ठपणाबद्दल दावा झाला. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो फेटाळला. अति खाण्याचे परिणाम ज्याला ठाऊक आहेत, त्याच्या अतिरेकाची भरपाई कायदा करून देणार नाही, असा त्यांचा रोख होता. खरं आहे. पण त्याच निकालात त्यांनी या कंपनीच्या चिकन नगेट्सना 'मॅकफ्रँकेन्स्टाइन' म्हटलंय, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनच्या गोष्टीतल्या तुकडे जोडून केलेल्या राक्षसासारखा, घरच्या स्वयंपाकात कुणी वापरणार नाही अशा घटकांपासून जोडलेला पदार्थ म्हणून. ते पान दाजी वाचत नाहीत. पुढे असे दावेच होऊ नयेत म्हणून २००४ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं, पण बऱ्याच राज्यांनी आपापले तसे कायदे केले. विधेयकाच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. आणि २०१५ मध्ये बाहेर आलं की खाण्यापिण्यापेक्षा व्यायामाकडे लक्ष द्या, असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाला कोका-कोलाचा पैसा होता. बोभाटा झाला आणि तो गट त्याच वर्षी बंद पडला. तेव्हा 'तुझं तू बघ' हा विचार आपल्याला आपोआप सुचलाय असं समजू नका. तो आपल्यापर्यंत पोचावा म्हणून पैसे मोजले गेलेत.

तुमच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर, दोष द्यावा, पण नुसत्या दोषाने काही हलत नाही. ब्रिटनने जास्त साखरेच्या शीतपेयांवर २०१८ पासून कर लावला, तर तो लागू व्हायच्या आधीच अनेक कंपन्यांनी साखर उतरवली. म्हणजे त्यांना ते जमत होतं. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या खाण्याच्या पाकिटांवर तसे काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. हे असं करायला हवं. एकेका माणसाने नुकसानभरपाई मागण्याच्या बाजूचा मात्र मीही नाही. वीस वर्षांच्या खाण्यातला कुठला घास कुणाच्या नावावर टाकणार?

आता दोन गोष्टी कबूल करतो. ते दुकान नसतं तर ताई त्या रात्री उपाशी झोपली असती, हे खरंच आहे. आणि ताईला माझी ही बाजू आवडत नाही. ती म्हणते, "मला बिचारी करू नकोस. मी नर्स आहे, काय खातेय ते मला कळत होतं. मी खाल्लं." तिने तसं म्हणावं, तो तिचा हक्क आहे. जेवणाच्या ताटावर दुसऱ्याने तिला ते ऐकवणं मला आजही सहन होत नाही.

तुम्ही हा प्रश्न घरातल्या कुणाकडे बघून विचारला असेल, तर आधी एवढंच पाहा की ते माणूस किती वाजता घरी येतं आणि तेव्हा त्याच्यासाठी काय झाकून ठेवलेलं असतं. ताई सुटायची तेव्हा दाजी दहा मिनिटांच्या अंतरावर घरी असायचे. दीड वर्षात एकदाही ते तिला न्यायला आलेले मी काउंटरवरून पाहिले नाहीत. मीही कधी तिच्यासाठी घरचं जेवण नेलं नाही. मी तर तिथेच उभा होतो.

ताईला हे वाचून दाखवलं. दाजींबद्दलचं काढून टाक म्हणाली. काढलेलं नाही.