सायकलच्या चोरीविम्याचा हप्ता किमतीच्या ८ टक्के सांगतायत. परवडतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवी सायकल घेतली, चोरीच्या विम्याला वर्षाकाठी तिच्या किमतीच्या ८ टक्के मागतायत, हे जास्त आहे का आणि कमी कसं करता येईल.

नुसत्या ८ टक्क्यांवरून काहीच ठरत नाही. सायकल गेलीच तर हातात नक्की किती पडणार ते आधी काढा, मग हप्त्याकडे बघा. गणित सोपं आहे. सायकलची किंमत १०० धरा, हप्ता ८. पॉलिसीत ‘डिडक्टिबल’ किंवा ‘एक्सेस’ नावाची वजावट असते, म्हणजे दर दाव्यात पहिला अमुक भाग तुमच्या खिशातून जातो. ती १० धरू. पहिल्या वर्षी सायकल चोरीला गेली तर ९० मिळतील. ९० भागिले ८ म्हणजे सव्वाअकरा. सव्वाअकरा वर्षांतून एकदा सायकल जाणार असेल तर भरलेलं आणि मिळालेलं बरोबरीला येतं. तुमची सायकल रोज स्टेशनबाहेर दहा-दहा तास उभी राहत असेल तर हा सौदा वाईट नाही. घरात, कुलपाच्या दारामागे राहत असेल आणि बाहेर गेल्यावर तुम्ही तिच्यावरून उतरतच नसाल, तर महाग आहे.

आता यात घसारा मिसळा. वर्षाला २० टक्के घसारा धरणारी पॉलिसी असेल तर १०० ची सायकल वर्षाने ८०, दोन वर्षांनी ६४ आणि तीन वर्षांनी ५१ ची होते. वजावट तीच १०, म्हणजे हातात ४१. हप्ता मात्र मूळ किमतीवर ८ च चालू असतो, कारण नूतनीकरण आपोआप होतं आणि कोणी आकडा बदलायला जात नाही. ४१ भागिले ८ म्हणजे जेमतेम पाच. तीच पॉलिसी, तोच हप्ता आणि भाव दुपटीहून जास्त. बहुतेकांचं नुकसान इथे होतं, हप्त्याच्या टक्केवारीत नाही. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: भरपाई ‘जुन्याच्या बदली नवी’ या हिशेबाने देणार की त्या दिवशीच्या बाजारभावाने? ‘नवी’ म्हणाले तर किती वर्षांपर्यंत, तेही विचारा, कारण काही पॉलिसींत ती सोय पहिली दोन-तीन वर्षंच असते. बाजारभावाची पॉलिसी असेल तर दर नूतनीकरणाला विमा रक्कम खाली आणा.

पण हप्ता वाचवायला ती मुद्दाम कमी सांगू नका. १०० ची सायकल ६० ची दाखवली आणि पॉलिसीत ‘ॲव्हरेज’चं कलम असलं, तर प्रत्येक दावा त्याच प्रमाणात कापला जातो. २० किमतीची चाकं गेली तर १२ मंजूर होतील आणि त्यातून १० वजावट गेली की उरतील २. अर्ज लिहायची मेहनतही निघणार नाही.

हप्ता एवढा का असतो? घराला आग लागणं क्वचित घडतं, सायकल चोरीला जाणं तेवढं क्वचित नाही, आणि चोरलेली सायकल परत मिळण्याची आशा फार धरू नये. शिवाय हा विमा घेतात कोण? ज्यांची सायकल रस्त्यावर उभी राहते तेच. निवांत असलेले घेत नाहीत, त्यामुळे कंपनीकडे जोखमीचीच माणसं गोळा होतात आणि दर वर चढतो. त्यात लहान पॉलिसी आणि मोठी पॉलिसी, कागदपत्रांचा आणि दावा तपासण्याचा खर्च जवळपास सारखाच. म्हणून स्वस्त सायकलला किमान हप्ताच टक्केवारीत भलता पडतो. माझ्या मते स्वस्त सायकलचा वेगळा विमा घेऊच नये. तोच पैसा कुलपात घालावा.

कुलपाचा विषय पॉलिसीतही सगळ्यात महत्त्वाचा, आणि दावे फेटाळले जातात तेही मुख्यतः यावरूनच. ‘मंजूर कुलूप’ वापरलं पाहिजे अशी अट असते आणि सायकलच्या किमतीनुसार कुलपाचा दर्जा ठरवलेला असतो. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. नेदरलँड्समध्ये एआरटी या संस्थेचे तारे असतात. पॉलिसीत यांपैकी काही नाव असेल तर तुमच्या कुलपाचं नेमकं मॉडेल यादीत आहे का ते बघा. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या कुलपांचे दर्जे वेगळे असू शकतात. यादी बदलतेही. २००४ मध्ये गोल नळीसारख्या किल्लीची नावाजलेली कुलुपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे उघडकीला आलं होतं. महाग कुलूप म्हणजे मजबूत कुलूप हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. कुलपाची पावती सायकलच्या पावतीसोबतच जपा. दाव्याच्या वेळी दोन्ही मागतात.

केबलचं कुलूप हे कुलूप धरूच नका, छोट्या कटरने ते काही सेकंदांत तुटतं. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराचं पोलादी कुलूप, घेताना दांडा दोन्ही टोकांना अडकणारा घ्या. एका जागी कापला तरी तो फिरवून निघत नाही, चोराला दोनदा कापावं लागतं. १६ मिलिमीटरची कडक पोलादी साखळी हाताने चालवायच्या बोल्ट कटरला दाद देत नाही, पण ती सोबत वाहून नेणं हा व्यायामच. घरी किंवा ऑफिसात एका जागी ठेवून द्यायला ती उत्तम. ग्राइंडरपुढे, म्हणजे पोलाद कापणाऱ्या फिरत्या चकतीच्या यंत्रापुढे, साधं यू-लॉक एक-दोन मिनिटांवर टिकत नाही. म्हणजे कुलूप वेळ विकत घेतं आणि विमा उरलेली जोखीम घेतो. दोघांचं काम वेगळं आहे.

कुलूप लावायचं कसं, हेही पॉलिसीत लिहिलेलं असतं आणि शब्द तंतोतंत वाचायचे असतात. ‘फ्रेममधून, न हलणाऱ्या वस्तूला’ अशी भाषा सहसा असते. फ्रेमच्या मागच्या नळ्यांच्या त्रिकोणाच्या आत मागच्या चाकाच्या रिमला यू-लॉक घालायची एक पद्धत आहे. यंत्राच्या दृष्टीने ती बरी, कारण चाक त्रिकोणातून बाहेर येत नाही. पण त्यात फ्रेमची एकही नळी कुलपात येत नाही, आणि ‘फ्रेममधून’ असं लिहिलेल्या पॉलिसीपुढे हा युक्तिवाद टिकेल याचा भरवसा धरू नका. फ्रेमची नळी आणि मागचं चाक दोन्ही एकाच यू-लॉकमध्ये घ्या, पुढच्या चाकाला वेगळी साखळी. खांब उंच आहे का आणि जमिनीत पक्का आहे का, हे हलवून बघा. बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून नेतात आणि ती वस्तू ‘न हलणारी’ नव्हती असा शेराही येतो.

याच्या जोडीला वेळेची अट शोधा. सार्वजनिक जागी सलग १२ किंवा २४ तास सोडलेली सायकल ‘टाकून दिलेली’ धरणाऱ्या पॉलिसी आहेत. रात्री स्टेशनवर सायकल राहत असेल तर हे कलम हप्त्यापेक्षा महत्त्वाचं. इमारतीचा सामाईक जिना, पार्किंग, अंगणातली शेड यांना ‘घर’ मानतात की नाही, तेही विचारा. शेडमधून चोरी झाली तर दार फोडल्याची खूण मागतात. उघड्या दारातून नेली तर बहुतेकदा काही मिळत नाही. तुमची सायकल मित्राने नेली असताना गेली, किंवा तुम्ही तिच्यावर डिलिव्हरीचं काम करत असाल, तर साध्या पॉलिसीत ते बसेल असं गृहीत धरू नका, आधी लेखी विचारा.

हप्ता कमी करायचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे घराच्या सामानाच्या पॉलिसीत सायकल पुरवणी म्हणून घालणं. तिचा खर्च आधीच निघालेला असतो, त्यामुळे वेगळ्या पॉलिसीपेक्षा हे सहसा स्वस्त पडतं. दोन गोष्टी मात्र तपासा. एक, एका वस्तूला जास्तीत जास्त किती, ही मर्यादा. महागडी सायकल तिच्या वर असते आणि नावानिशी नोंदवली नाही तर मर्यादेइतकेच मिळतात. दोन, घराबाहेरची चोरी धरली आहे का. नसेल तर सायकलपुरती ती पॉलिसी निरुपयोगी. यात एक छुपा खर्चही आहे: सायकलचा दावा केला की दाव्याविना मिळणारी सवलत जाते आणि पुढची काही वर्षं सबंध घराचा हप्ता वाढू शकतो. लहान दावा करण्याआधी हा हिशेब मांडा.

वजावट वाढवूनही हप्ता उतरतो. १० ची वजावट २० केली आणि हप्ता ८ चा ६ झाला, तर दर वर्षी २ वाचतात आणि चोरी झाली तर १० जास्त जातात, म्हणजे पाच वर्षं चोरी झाली नाही तर तुम्ही बरोबरीत. मला हा सौदा बरा वाटतो. आरसा, दिवा, सीट असल्या भुरट्या चोऱ्यांसाठी तसाही दावा करू नये, आणि सुटे भाग पूर्ण सायकल गेली तरच धरणाऱ्या पॉलिसीही आहेत.

कागद आजच करून ठेवा, चोरीनंतर ते जमत नाही. फ्रेम नंबर सहसा पेडलच्या आसाखाली, बॉटम ब्रॅकेटवर कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा स्पष्ट फोटो काढा. पूर्ण सायकलचा चेनच्या बाजूने एक, कुलूप लावलेला एक, आणि पावतीचा एक, हे फोटो फोनबाहेरही कुठेतरी ठेवा. जुनी सायकल घेतली असेल तर विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर लिहिलेली सही केलेली चिठ्ठी घ्या. पावतीशिवाय सायकल तुमचीच होती हे पटवताना नाकी नऊ येतात. कुलपाच्या सगळ्या किल्ल्या जपा. दाव्यात त्या जमा करायला सांगू शकतात, आणि एक कमी भरली तर किल्ली कुलपातच विसरली होती का, असा प्रश्न येतो. तुटलेलं कुलूप जागेवर सापडलं तर उचलून ठेवा, तो पुरावा आहे. पोलिसांत तक्रार आणि कंपनीला कळवणं त्याच दिवशी उरका, कारण मुदत तासांत मोजलेली असू शकते.

भरपाई रोख मिळेल असंही धरून चालू नका. कंपनीने ठरवलेल्या दुकानातून तशीच सायकल देण्याचा हक्क काही पॉलिसी राखून ठेवतात, आणि बदललेला गिअर किंवा चाकं नोंदवली नसतील तर मूळ मॉडेलच पदरात पडतं.

विजेवर चालणारी सायकल असेल तर बॅटरी एकटी चोरीला गेल्यास काय, हे लेखी घ्या. मोटर कायद्याच्या मर्यादेत आहे ना तेही बघा. उदाहरणार्थ युरोपीय संघात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचीच मदत असेल तर ती सायकल मानतात. मोटर किंवा सेटिंग बदलून वेग वाढवलेली गाडी सायकलच्या पॉलिसीत बसत नाही, हप्ता कितीही वर्षं भरलेला असो.