नवरा मुंबईला, मी गुहागरला. पाळी ३२ दिवसांनी येते. दिवस राहण्यासाठी त्यांनी कधी यावं?

ताई, पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज सुटतं म्हणतात, ते सगळ्यांना लागू नसतं. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. तुमचं अठराव्या दिवसाच्या आसपास (पाळीचा पहिला दिवस धरून). स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र ५ दिवसांपर्यंत. म्हणून त्यांनी १३ ते १८ या दिवसांत घरी असावं, उशिरापेक्षा लवकर आलेले बरे. चिपळूणचं तिकीट शनिवार-रविवार बघून नको, हे दिवस बघून काढा. अंगावरून चिकट, ताणला जाणारा पारदर्शक स्राव दिसला की दिवस जवळ आले. पाळी पुढेमागे होत असेल तर हाच स्राव जास्त भरवशाचा.

फॉलिक ॲसिड, ४०० मायक्रोग्रॅम, आतापासूनच रोज घ्या. वर्षभरात, पस्तिशी ओलांडली असल्यास ६ महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरकडे दोघांनी जा. एकट्या बाईचीच तपासणी करत बसणं मला मुळीच पटत नाही.