‘तयार करणे’साठी इंग्रजीत प्रिपेअर, मेक, रेडी, अरेंज, सेट अप यातलं कुठलं कधी वापरायचं?

तुम्ही म्हणताय की डिक्शनरीत ‘तयार करणे’ बघितलं की पाच-सहा शब्द समोर येतात आणि सगळे सारखेच वाटतात. मला विचाराल तर गुंता इंग्रजीत नाहीये, आपल्या ‘तयार’मध्ये आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या एका शब्दाला आपण किती कामांना जुंपतो बघा, ‘मी तयार झाले’ म्हणजे आवरून झालं, ‘मी यायला तयार आहे’ म्हणजे राजी आहे, ‘त्याने खुर्ची तयार केली’ म्हणजे बनवली आणि ‘तिचा गळा तयार आहे’ म्हणजे मागे कित्येक वर्षांचा रियाज आहे. इंग्रजीत हेच अनुक्रमे रेडी, विलिंग, मेड आणि ट्रेन्ड. त्यामुळे आधी आपल्या वाक्यातला ‘तयार’ यातला कुठला ते ठरवा, मग इंग्रजी शब्द शोधायला जा.

सगळ्यात जास्त घोळ प्रिपेअर आणि मेकमध्ये होतो. मी भाषांतराचं काम करते, लोकांचे बायोडेटा तपासायला येतात आणि त्यात ‘आय प्रिपेअर्ड अ मोबाइल अ‍ॅप’ हे वाक्य सारखं दिसतं. व्याकरणात चूक नाही पण वाचताना खटकतंच, कारण प्रिपेअर म्हटलं की पुढे काहीतरी व्हायचं असतं. रिपोर्ट प्रिपेअर करतात कारण तो मीटिंगमध्ये मांडायचाय, पेशंटला प्रिपेअर करतात कारण ऑपरेशन व्हायचंय. मूळ लॅटिनमध्येच ‘प्राए’ म्हणजे आधी आणि ‘पारारे’ म्हणजे सज्ज करणे, तो ‘आधी’ अजून शब्दात जिवंत आहे. अ‍ॅप, खुर्ची, पूल या वस्तू बनल्या की काम झालं, तिथे मेक किंवा बिल्ड लिहा. (त्याच पारारेपासून रिपेअर पण आलाय म्हणजे पुन्हा सज्ज करणे, आणि अ‍ॅपरेटस म्हणजे सज्ज ठेवलेली साधनं. सेपरेट पण त्याच घरातला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.)

दुसरी गोष्ट म्हणजे ‘फॉर’. हा एवढासा शब्द गाळला की माणूसच बदलतो. विद्यार्थी लिहितो ‘आय अ‍ॅम प्रिपेअरिंग द एक्झाम’ आणि अर्थ होतो की हा पेपर काढतोय! अभ्यास करणारा प्रिपेअर ‘फॉर’ द एक्झाम करतो. भाषणाचं मात्र उलट, भाषण तुम्हीच लिहिणार ना, म्हणून प्रिपेअर अ स्पीच, तिथे फॉर नको.

रेडी आणि प्रिपेअर्डमधला फरक मी नेहमी असा सांगते. इंटरव्ह्यूला निघालेली मुलगी दारात उभी आहे, बूट घातलेत, फाइल हातात आहे, ती रेडी आहे. पण काल रात्री काही वाचलंच नसेल तर ती प्रिपेअर्ड नाही. रेडी म्हणजे या घडीची अवस्था, प्रिपेअर्ड म्हणजे मागे झालेलं काम. आणि ‘आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड टू वेट’ असं कोणी म्हणालं तर त्याची तयारी अपुरी आहे असं नाही, तो थांबायला राजी नाहीये, म्हणजे इथे इंग्रजी अगदी आपल्यासारखंच वागतं.

अरेंज म्हणजे मांडणं किंवा जुळवून आणणं, सेट अप म्हणजे उभं करून चालू स्थितीत आणणं. पुस्तकं अरेंज करतात, प्रिंटर सेट अप करतात. मीटिंगला दोन्ही चालतात, त्यावर फार डोकं घालवू नका.

मला खरं प्रेम आहे ते छोट्या नेमक्या क्रियापदांवर. प्राइम घ्या. कोरडा पडलेला हातपंप कितीही हापसला तरी आत हवाच असते, पाणी वर येत नाही, म्हणून आधी वरून थोडं पाणी ओततात, मग हापसलं की पाणी चढतं. ते ओतणं म्हणजे प्राइम करणं. रंगाआधी भिंतीला जो प्रायमर मारतात तो याच कुळातला, खालचा थर असा करून ठेवायचा की वरचा धरेल. ब्रेस म्हणजे धक्का बसणार हे माहीत असताना अंग किंवा मन घट्ट करणं, त्यामुळे वाईट बातमीला ब्रेस, सहलीला कधीच नाही. ग्रूम म्हणजे एखाद्याला पुढच्या पदासाठी हळूहळू घडवणं, पण जपून वापरा, लहान मुलांच्या संदर्भात हाच शब्द शोषणासाठी जाळ्यात ओढणं या अर्थाने येतो.

आणि तुमच्या यादीत नाही तरी सांगते, इम्प्रॉम्प्टू म्हणजे आज आपण ‘आयत्या वेळचं, बिनतयारीचं’ म्हणतो, पण लॅटिनमध्ये ‘इन प्रॉम्प्टू’ म्हणजे हाताशी तयार असलेलं.