तुमचा सगळ्यात आवडता बँड कोणता, आणि घरी हेडफोनवर आवाज जास्त चांगला येत असताना त्यांना लाइव्ह बघायला जाण्यात काय अर्थ आहे?

माझा बँड इंडियन ओशन, दुसरं नावच तोंडात येत नाही. लाइव्ह चार वेळा बघितलंय त्यांना, पण सांगण्यासारखी आहे ती पहिली वेळ, डिसेंबर २००७, पुण्यात. तुमच्या हेडफोनच्या प्रश्नाचं उत्तर पण त्याच रात्रीत आहे म्हणून जरा लांबण लावतो, वेळ असेल तर वाचा.

मी गडहिंग्लज तालुक्यातला. अकरावीत असताना मावसभावाकडून 'कंदिसा'ची कॅसेट मिळाली, अल्बम २००० सालचा, म्हणजे आमच्या गावात यायला चार वर्षं लागली त्याला. वरचं कव्हर हरवलेलं, नुसती कॅसेट, त्यामुळे कोण गातंय, कोण काय वाजवतंय काहीच कळायला मार्ग नाही. तोवर बँड म्हटलं की मला दोनच गोष्टी माहीत, एक लग्नाच्या वरातीतला आणि दुसरा टीव्हीवर केस झटकत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या लोकांचा. आणि ह्या कॅसेटमध्ये चक्क तबला! गिटार आहे पण ती सतारीसारखी आलाप घेतल्यासारखी चालते, आणि शेवटचं गाणं तर कुठल्या भाषेत आहे तेच समजेना (ती अरामाईक भाषेतली जुनी प्रार्थना आहे, केरळच्या सिरियन ख्रिश्चन चर्चमध्ये म्हणतात, हे मला खूप नंतर कळलं). शब्द कळत नसताना पण ते गाणं लागलं की आमची आज्जी चुलीपुढनं उठून दारात येऊन उभी राहायची, कुठल्या देवाचं हाय रे म्हणून विचारायची.

त्यात एक आवाज होता. टुंव, टुंव असा, खालून ओढत वर नेल्यासारखा, मधेच गुरगुरणारा. मी म्हणायचो हा कीबोर्ड आहे, वर्गातला एक मित्र म्हणायचा बेस गिटारची तार ताणून काढतात, आणि आम्ही दोघांनी ह्यावर एसटी स्टँडवर बसून तासन् तास वाद घातलेत. आवाज ओळखीचा वाटायचा एवढं मात्र नक्की, पण कुठला ते आठवत नव्हतं, एखाद्या माणसाचं नाव जिभेवर असतं आणि येत नाही तसं.

मग इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. सायबर कॅफेत बसून बँडबद्दल मिळेल ते वाचून काढलं. दिल्लीचा बँड, सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला आणि गाणं, नाव १९९० ला ठेवलं आणि ते सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. बेस वाजवणारा राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आलेला आणि इकडे येऊन नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेलं. ड्रमवर अमित किलम. आणि एक गोष्ट वाचून मी बसल्या जागी खूश झालो, ती म्हणजे ह्यांचा दुसरा अल्बम 'डेझर्ट रेन' हा स्टुडिओत केलेलाच नाही, १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत पथनाट्यवाल्या सफदर हाश्मींच्या स्मृतीत जो कार्यक्रम झाला तिथलं रेकॉर्डिंग आहे ते. म्हणजे ही माणसं मुळात समोर लोक असताना वाजवणारीच.

तर २००७ चा डिसेंबर. एका कॉलेजचं मैदान, आम्ही होस्टेलचे सहा जण साडेपाचलाच जाऊन पुढे जागा धरून बसलो. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'ब्लॅक फ्रायडे' एकदाचा थिएटरला लागला होता (कोर्टात अडकून पडलेला बरीच वर्षं), त्या सिनेमातलं ह्यांचंच 'बंदे' सगळ्यांच्या मोबाइलची रिंगटोन, त्यामुळे गर्दी बेक्कार झालेली, निम्मी गर्दी त्या एका गाण्यासाठी आलेली. आणि खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास साउंड भयंकर वाईट होता. माइक हूं हूं करतोय, असीमचा आवाज ऐकूच येत नाहीये, नुसता बेस छातीवर आदळतोय. तुम्ही म्हणताय ते त्या अर्ध्या तासापुरतं शंभर टक्के खरं आहे, माझ्या वॉकमनवर ह्याच्यापेक्षा चांगलं ऐकू यायचं. मला वाईट वाटत होतं, तीन वर्षं वाट बघितलेली आणि हे असं.

पण मी पुढे होतो आणि मला असीम दिसत होता. बाकी सगळे उभे किंवा स्टुलावर, हा एकटा चौथऱ्यावर मांडी घालून बसलेला, समोर तबला, बाजूला अजून काय काय वाद्यं. उघडं मैदान, थंडी, दव पडायला लागलेलं. तबल्याचं कातडं दमट झालं की स्वर उतरतो, त्यामुळे प्रत्येक गाणं संपलं की तो हातोडी घ्यायचा, कान पार तबल्याला टेकवायचा, गजऱ्यावर (कडेच्या कातडी वेणीवर) एक टकटक, मग फिरवून दुसऱ्या घराला टकटक, बोटानं चाटेवर टण्ण करून बघायचं, पुन्हा टकटक. पाठीमागे पोरं बंदे बंदे ओरडतायत, शिट्ट्या मारतायत, राहुल माइकवर काहीतरी गमती सांगून वेळ मारून नेतोय, आणि हा माणूस त्या कल्लोळात कान लावून एक स्वर शोधतोय. घाई नाही. चिडचिड नाही. स्वर लागला की मान वर करून सुस्मितकडे बघायचा, एवढीच खूण, की गाणं सुरू. मी आजवर हजार वेळा तबला ऐकला असेन, पण गाणाऱ्या माणसानंच तबला वाजवायचा आणि दोन गाण्यांच्या मधे तो स्वतःच असा जुळवून घ्यायचा हे मी पहिल्यांदा बघत होतो, आणि कॅसेटवर हे कधीच कळलं नसतं कारण कॅसेटवर दोन गाण्यांच्या मधे नुसती सुर्र अशी शांतता असते.

तोवर साउंडवाल्यानं काय केलं माहीत नाही, पण आवाज जागेवर आला.

आणि मग ते झालं. अमितनं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या, एक लाकडी डबा काढला, डाव्या बगलेत दाबला, त्यातून निघालेल्या तारेचं टोक डाव्या मुठीत धरून ताणलं आणि उजव्या हातानं तार छेडली. टुंव! मी ओरडलोच, अरे हे तर चौंडकं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात यल्लम्माच्या जोगतिणी मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला यायच्या, एकीच्या डोक्यावर जग (देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली), एकीकडे तुणतुणं, आणि एकीच्या बगलेत चौंडकं. लाकडाचं नळकांडं, एका बाजूला कातडं, त्यातून आरपार ओवलेली तात (आतड्याची तार), आणि ती हातानं सैल-ताठ करत छेडायची की आवाज बोलल्यासारखा वरखाली होतो. उदं गं आई उदं म्हणत त्या दारात उभ्या राहायच्या, आज्जी सुपातनं जोंधळे घालायची, हळदकुंकू लावायची, आणि मी आज्जीच्या पदराआड उभा राहून त्या डब्याकडे बघायचो. चार-पाच वर्षांचा असेन. तो आवाज माझ्या कानात तेव्हापासून होता आणि मी तीन वर्षं कॅसेट ऐकून कीबोर्ड, कीबोर्ड करत होतो! अमितच्या हातातलं होतं ते गाबगुबी, बंगालकडचं वाद्य, तिकडचे फिरते लोकगायक, बाऊल, वाजवतात, खमक पण म्हणतात त्याला. आता कुठं बंगाल आणि कुठं यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर, पण डबा तोच, बगल तीच, ताणायची रीत तीच. शेजारच्या मित्रांना मी हे ओरडून ओरडून सांगत होतो, त्यांना काहीच कळत नव्हतं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलेलं, खोटं सांगत नाही.

नंतर 'मा रेवा' झालं. हे नर्मदेचं गाणं, राहुलला आंदोलनाच्या काळात नदीकाठच्या लोकांकडून मिळालेलं. माझा रूम पार्टनर नंदुरबार जिल्ह्यातला, धडगावकडचा. नर्मदा आपल्या राज्यात शिरते ती फक्त त्याच कोपऱ्यात, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या हद्दीला लागून, आणि सरदार सरोवरात मणिबेलीसारखी गावं बुडाली ती पण तिथलीच. तो पोरगा एरवी कधी नाचत नाही, वर्गात पण बोलायचा नाही फारसा, त्या गाण्याला तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हात वर करून उभा होता. रूमवर परत जाताना मी विचारलं तर एवढंच म्हणाला की आमच्या नदीचं नाव पुण्यात एवढ्या लोकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आमची दोस्ती खऱ्या अर्थानं त्या रात्रीपासून सुरू झाली, आजही आहे.

'बंदे' शेवटी झालंच, सगळं मैदान गात होतं, छान झालं. पण त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे विशेष काही नाही.

मेच्या सुट्टीत गावाकडे गेलो तेव्हा शुक्रवारची वाट बघत बसलो. आता पूर्वीसारख्या दर आठवड्याला येत नव्हत्या त्या, तिसऱ्या शुक्रवारी एक म्हातारी जोगतीण आली. मी म्हटलं मावशी, जरा हातात देता का? तिनं आधी आज्जीकडे बघितलं, मग दिलं. मी वाजवायला गेलो तर नुसतं खट्ट. ती म्हणाली, "आरं पोरा, बगलंत गच दाब, आन् तात वड, मग बोलतंय ते." दाबलं, ओढलं, एकदाच आला आवाज, टुंव, पण आला. आज्जी हसायला लागली. त्या दिवशी मला कळलं की अमित ते धरून उभा होता तेव्हा त्याचा डावा खांदा तसा उचललेला का दिसत होता, सगळा जोर तिथं लागतो.

२५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. हार्ट अटॅक. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो, ऑफिसात बातमी वाचली आणि जिन्यात जाऊन बसलो. ज्याला आपण एकदाच, तेही वीस फुटांवरून बघितलंय अशा माणसासाठी एवढं का वाटावं हे तेव्हा मला पण समजावून सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी त्यांचा '१६/३३० खजूर रोड' आला, करोल बागेतल्या ज्या घरात ते रियाज करायचे त्या घराचाच पत्ता नाव म्हणून, आणि त्यातली गाणी त्यांनी महिन्याला एक अशी नेटवर फुकट दिली. त्यात असीमचा आवाज आहे. मी दर महिन्याला डाउनलोड करून घेतलं आणि लगेच ऐकायचो नाही, रविवारपर्यंत ठेवायचो.

२०११ ला पुन्हा शो बघितला. असीमच्या जागी दोन जण आलेले, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. एका माणसाचं काम दोघांना वाटून द्यावं लागलं, ह्यातच असीम काय करत होता ते येतं. जाताना मी थोडा घाबरत गेलो होतो, आता ते पहिल्यासारखं वाटणार नाही म्हणून. आणि नाहीच वाटलं पहिल्यासारखं, वेगळं होतं. हिमांशुचा आवाज भारदस्त, उंच जाणारा, उभा राहून मोकळेपणानं गातो. पण दुसऱ्या गाण्यानंतर तुहिननं हातोडी उचलली आणि कान तबल्याला लावला, टकटक सुरू झाली, आणि मी एकदम निवांत झालो. पुढे २०१३ ला सुस्मित पण बाहेर पडला, आता गिटारवर निखिल राव. २०२३ ला 'तू है' आला तो पण मनापासून आवडला मला. लोक म्हणतात जुन्यातली मजा नाही, माझं तसं नाही, मला दोन्ही हवेत.

तर तुमचा हेडफोनचा मुद्दा. हेडफोनवर आवाज चांगला येतो हे मान्यच आहे. पण तो कुठनं येतोय हे हेडफोन सांगत नाही. मी तीन वर्षं एक आवाज रोज ऐकत होतो आणि तो माझ्या आज्जीच्या दारातला आहे हे मला वीस फुटांवर उभं राहून, त्या माणसाची बगल बघितल्यावर कळलं.

जाणार असाल तर दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. ऐकायचं असेल तर साउंडवाला मिक्सर घेऊन बसतो ना, त्याच्या आसपास उभं राहा, तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येतं. बघायचं असेल तर मात्र लवकर जाऊन पार पुढे जागा धरा, कान थोडे बधिर होतील ते चालवून घ्या, कानात घालायचे इअरप्लग ठेवा जवळ. मी अजूनही पुढेच जातो. आणि इंडियन ओशनचाच शो असेल तर अमितनं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या की रेकॉर्डिंग वगैरे सोडा, फोन खिशात टाका आणि त्याच्या डाव्या हाताकडे बघा.